घरच्यांस सप्रेम भेट

माझ्या मावससासूबाईंच्या मते या विश्वात अमर असं काही असेल, तर तो आत्मा नव्हे, ते ॲल्युमिनियम. कीर्तनकार आत्म्याबद्दल जे जे सांगतात ते सगळं मावशी ॲल्युमिनियमबद्दल सांगतात. ते मरत नाही, फक्त देह बदलतं. आज पातेलं, उद्या खिडकीची चौकट, परवा विमानाचा पंख. "आन् जावईबापू, मातीतून नवं काढायला जेवढी वीज लागती ना, त्यातली चिमूटभर बास होती जुनं वितळायला. कोळसा वाचतो, धूर वाचतो." पडेगावात त्यांच्या गच्चीवरून देवगिरीचा किल्ला दिसतो. कुणी शीतपेयाचा डबा कचऱ्यात टाकताना सापडला, की मावशी त्याला हाताला धरून गच्चीवर नेतात आणि किल्ल्याकडं बोट दाखवतात. "राजानं अख्खा डोंगर तासला, पण किल्ला तरी झाला. तुमच्यासाठी डोंगर खणला, त्याचं काय झालं? एक डबा. आन् तो बी फेकला!" पाहुणा बिचारा खाली येऊन कचऱ्यात हात घालतो.

त्यांच्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात जुन्या रेडिओतला एक लोहचुंबक अडकवलेला असतो. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर पुढची चौकशी. फुलंब्रीला एका लग्नात नवरदेवाला आशीर्वाद द्यायला म्हणून त्या स्टेजवर गेल्या आणि त्याच्या हातातल्या कट्यारीला चुंबक लावून आल्या. तो चिकटला नाही. "ॲल्युमिनियम हाय," त्यांनी माइकजवळ उभं राहून जाहीर केलं, "लग्न झाल्यावर फेकू नका." मिठाईच्या खोक्यातला चंदेरी कागदही त्या सोडत नाहीत. आधी मुठीत चुरगळतात. सोडल्यावर उलगडला तर प्लास्टिक, तसाच राहिला तर अस्सल. बारीक कपटे भट्टीपर्यंत पोचत नाहीत म्हणून त्या सगळ्याचे गोळे वळतात आणि ताटलीत रचून ठेवतात. गेल्या दिवाळीत माझ्या थोरल्या साडूंनी त्यातला एक वर्खाचा लाडू समजून चावला. मावशींनी आधी गोळा तपासला, मग साडूंचे दात.

'मोडीत काढणे' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रात दिसला, की त्यांचा दिवस वाया जातो. "मोडीत काढलं म्हणजे संपलं, असं कुठल्या शहाण्यानं सांगितलं? तांब्या-पितळेची मोड देऊन आपल्या आया नवी भांडी घ्यायच्या का नाय? मटकीला बी मोडच येतात की! मोड म्हणजे पुढचा जन्म." या व्युत्पत्तीला कुठल्याही कोशात आधार नाही, पण मावशींना विरोध करण्याची हिंमत कोशातही नसावी. भंगारवाले चाचा त्यांची लोडिंग रिक्षा घेऊन गल्लीत आले, की दोघांची मैफल रंगते. एकदा उत्साहाच्या भरात मावशींनी न्हाणीतला पितळी नळच पिळून काढून दिला. चाचा कळवळले, "क्या मावशी, ये नल तो चालू है ना!" मावशी म्हणाल्या, "नळ चालू हाय, चाचा. पाणी कुठं चालू हाय?" आमचं शहर आठवड्यातून एखाद्या वेळीच पाणी बघतं. चाचांनी नळ तराजूत टाकला.

असा हा कायदा साऱ्या जगाला लागू होता, फक्त एका घागरीला नव्हता.

ती तांब्याची घागर. मावशींचे यजमान, आमचे काका, नवीन लग्न झाल्यावर कासारी बाजारातून बायकोसाठी घेऊन आले होते. दुकानदारानं विचारलं, "नाव कुणाचं घालू?" दुकानात ओळखीची चार माणसं. भर बाजारात बायकोचं नाव घेणं काकांच्या जिवावर आलं. ते पुटपुटले, "घरच्यांना द्यायचीय." त्यानं ठोकून ठोकून अक्षरं उमटवली: 'घरच्यांस सप्रेम भेट'. झालं! मावशींच्या सासूबाई म्हणाल्या, घरच्यांस म्हणजे मला. नणंद म्हणाली, मला पण. कितीतरी वर्षं ती घागर साऱ्या घराची होती. घरचे म्हणजे कोण, हे फक्त दोघांना ठाऊक होतं. आता काका नाहीत. घागरीचा तळ झिजून चाळण झालेला, झाळून डाग लावला तरी धरत नाही. चाचा ओसरीवरून नजर टाकायचे, "मावशी, वो गागर?" मावशी गुरकावायच्या, "ती भंगार नाय. ती घरची हाय." आणि दिवसभर स्वतःवरच चिडलेल्या असायच्या. आपण जगाला सांगतो आणि आपल्यालाच जमत नाही, हे त्यांना खुपत होतं.

मागच्या महिन्यात कॉलनीच्या विहारात मावशींनी बायकांसमोर भाषण केलं. तांबं कितीही वेळा वितळवा, ते थकत नाही. जेवढं घरात पडून राहतं तेवढं कुठंतरी नव्यानं खणावं लागतं, वगैरे. ते ऐकून समोरच्या घरातल्या आजी उठल्या, घरी गेल्या आणि आपल्या वारलेल्या मालकांचा कामावर न्यायचा पितळी डबा आणून मावशींच्या पुढं ठेवला. "तुमचं पटलं, बाई. ठिवून तरी काय करू?" मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत. सकाळी मला फोन आला, "जावईबापू, गाडी काढा."

कासारी बाजारात दुकानदारानं घागर उलटी करून पाहिली आणि मोडीच्या ढिगावर ठेवली. मावशींनी तिकडं पाठ केली. मला त्या क्षणी त्यांची इतकी माया वाटली, की परत घेऊन जाऊ या म्हणून तोंड उघडणारच होतो. तेवढ्यात त्यांनी मोडीच्या बदल्यात एक नवी घागर निवडलीसुद्धा, टकटक वाजवून, भांडून, चुंबक लावून. नाव घालायचं यंत्र गुरगुरायला लागलं. पोरसवदा दुकानदार म्हणाला, "मावशी, काय नाव टाकू?"

काकांचं नाव त्या घेतील असं मला वाटलं.

"नगं. नाव नको टाकूस. पुढं कुणाला तरी हिची बी मोड घालायची हाय. नाव असलं की हात धजत नाय, बाबा."

येताना त्या गाडीत नवी घागर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "आता ती जुनी वितळून कुणाच्या बी घरी जाईल," त्या म्हणाल्या, "घरच्यांसच लिव्हलं व्हतं की त्यांनी." आणि हसल्या. पडेगाव येईपर्यंत त्यांचं बोट त्या कोऱ्या तांब्यावरून, अक्षरं असायची त्या जागेवरून, हळूहळू फिरत होतं.