आरशावरची टिकली

कळव्याच्या घरातला आरसा पुसताना कोपऱ्यात चिकटलेली मरून टिकली हाताला लागली आणि कॉलेजातली ती दुपार आठवली. बाळकुमला मैत्रिणीकडे पडदे ओढून आम्ही लॅपटॉपवर एक विचित्र भयपट बघितलेला. त्यात एक बाई आरशासमोर आधी भुवया, मग ओठ सोलून काढते, काचेवर चिकटवते आणि तशीच सगळ्यांना जेवायला वाढते; घरातलं कोणीच काही बोलत नाही. तिकडे मी खूप हसलेले. घरी आले तर आई कामावरून नुकतीच आलेली, दाराकडे पाठ करून आरशासमोर उभी. तोंड धुण्याआधी तिने सवयीने टिकली काढून आरशाला चिकटवली. मी दारातच थांबले. आता ही पुढे काय काढणार? "काय गं, अशी काय बघतेस?" "तू आधी तोंड इकडे कर." ती वळेपर्यंत माझा हात कडीवरच होता. वळली ती आईच होती, दमलेली. तरी जेवताना मी तिच्या भुवया निरखत राहिले. आई जाऊन आता दोन वर्षं झाली. टिकली खरवडायला वाकले, तर ती आरशात नेमकी माझ्या कपाळावर आली. खाली आईचंच दमलेलं तोंड. "काय गं, अशी काय बघतेस?" मी विचारलं.