स्टेडियमातला पट

आमच्या शहरातल्या इनडोअर स्टेडियमचं छत इतकं उंच आहे, की खाली माणसं घामानं भिजतात तेव्हा वर कबुतरं थंडीनं कुडकुडत असतात. आवाज त्या छतात अडकून राहतो. सोमवारी दिलेली शिंक बुधवारी परत येते. मंगळवारी कुणाचं लग्न लागून गेलेलं असलं, तर तो सुटला समजायचं. याच छताखाली मी कबड्डी पाहिली, साड्यांचा सेल पाहिला, नोकरीचा मेळावा पाहिला, दिवाळीनंतर झाडीपट्टीचं नाटकही पाहिलं. आणि प्रत्येक वेळी माइक माझ्या हातात.

मी पुकारणारा माणूस. चिमूरपासून पार सिरोंच्यापर्यंत कुठंही शंकरपट भरला, बैलजोड्या शर्यतीला सुटल्या, की जोडीवाल्यांची नावं आणि घड्याळात लागलेले सेकंद मी पुकारतो. माझ्या आवाजानं जंगलातला वाघ वाट बदलतो असं म्हणतात. म्हणणारा मीच आहे, पण म्हणतात.

अशा माणसाला त्या रविवारी तोंड मिटून बसायचं होतं. स्टेडियमात बुद्धिबळाची निवड स्पर्धा होती आणि माझी पोरगी शेवटच्या फेरीपर्यंत आली होती. ही फेरी जिंकली तर राज्याला जाणार, नाहीतर वर्षभर पुन्हा घरीच माझ्याशी खेळणार. माझ्याशी खेळणं म्हणजे म्हशीशी झाडावर चढण्याची पैज. पंच बाहेरगावचे, बारीक चष्म्याचे. त्यांनी सकाळीच मला गॅलरीत गाठून सांगितलं होतं, "पालकाचा आवाज आला तर पालक बाहेर. पुन्हा आला तर खेळाडू बाहेर."

म्हणून बसलो. म्हणजे बसलो कुठला, त्या गॅलरीतली एकही खुर्ची मी वापरल्याशिवाय सोडली नाही. गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक चावून चावून त्याचा हातरुमाल केला. तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला, तर थुंकायला जागा नाही, गिळला. खाली पोरगी मात्र हनुवटीखाली मूठ ठेवून अशी गप्प, की ही माझीच का अशी शंका यावी. समोर सिरोंच्याकडची एक चुणचुणीत मुलगी होती. तिची आई माझ्या बाजूला पुटपुटत तेलुगूत देव आळवत होती. देवालाही त्या छताचा त्रास होत असणार, कारण तिनं एकदा घेतलेलं नाव चार वेळा ऐकू येत होतं.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. माझा मोठा साळा, पोरीचा मामा. पांढरा सदरा, डोक्याला नवा फेटा, हातात तुतारी.

"जयभीम, भाऊजी. मैदान कुठी हाये?"

"भाऊ, हळू बोला. कोणतं मैदान?"

"पटाचं. पोरीचा फोन होता. 'मामा, रविवारी स्टेडियमात पट हाये, मी उतरून राह्यली.' म्हटलं, भाची पटात उतरते तर परक्याची जोडी काऊन हाकावी? आपली आणली."

"काय आणली?"

"जोडी. छोट्या हत्तीत टाकून. खाली पार्किंगात बांधली हाये."

आमच्याकडे लहान टेम्पोला छोटा हत्ती म्हणतात. म्हणजे हत्तीत बसून बैल आले होते, आणि खाली टेबलावर पोरीचा हत्ती केव्हाच मेला होता. मला हसू आवरेना. दुपट्टा तोंडात होता म्हणून वाचलो.

मी बोट दाखवलं. साळ्यानं खालची टेबलं पाहिली, चौकटी पाहिल्या.

"हा पट?"

"हा पट."

"बैल कुठी हायेत याच्यात?"

"नाईत."

त्यानं मान वर करून छत पाहिलं. मग म्हणाला, "एवढ्या मोठ्या घरात एवढासा पट. जागा वाया घालवून राह्यले."

आणि खालून बैल डुरकला. बैल एक, पण छतानं त्याचा कळप केला. समोरच्या मुलीचा हात हवेत होता. ती दचकली आणि तो हात तिच्याच वजिरावर पडला. बुद्धिबळात ज्याला हात लावला तो चालवावा लागतो, एवढं मलाही ठाऊक. वजीर हलला असता तर तिचा राजा उघडा पडला असता. राज्याची स्पर्धा हातभर अंतरावर उभी होती.

पोरीनं पंचांना बोलावलं.

"सर, तिची जोडी बुजली."

"काय बुजली?"

"बैल बुजला तर ते धावणं धरत नाईत. पुन्हा सोडतेत. तिनं मुद्दाम हात लावला नाई, तिले पुन्हा खेळू द्या."

पंचांना बैल कळला नाही, पण म्हणणं कळलं. त्यांनी मान हलवली. त्या मुलीनं वजीर सोडून प्यादं सरकवलं. मी दुपट्ट्याचं उरलेलं टोकही खाल्लं.

साळा माझ्या कानात म्हणाला, "लहानपणी माझ्या मांडीवर बसून पट पाहे पोरगी. तुमच्यासारखी नुसती बोंबलाले शिकली नाई."

पुढचा डाव इतका लांबला, की वरच्या कबुतरांची अंडी फुटून पिल्लं उडाली असतील. मला एकही खेळी कळत नव्हती. पोरीच्या कानाची पाळी लाल झाली की तिची बाजू बरी असते, एवढंच मला वाचता येतं. पाळी लाल झाली, पांढरी पडली, पुन्हा लाल झाली. मग सिरोंच्याच्या मुलीनं आपला राजा आडवा केला आणि हात पुढं केला.

पोरीनं मान वर केली. मला नाही, मामाला पाहून हसली.

दिवसभराचा कोंडलेला आवाज माझ्या तोंडातून सुटला. सवयीनं तोंडात आलं तेच पुकारलं, "सुटली, सुटली, जोडी सुटली."

छतानं ते उचललं, फिरवलं आणि दारातून पार्किंगात फेकलं. तिथं दोन जीव असे होते, की जन्मभर तेवढंच वाक्य ऐकून धावले होते. त्यांनी दावं तोडलं. आम्ही सगळे बाहेर आलो तोवर जोडी दुचाकींच्या रांगेमधून, एकीलाही धक्का न लावता, तिकीटखिडकीपासून थेट मागच्या फाटकापर्यंत गेली होती आणि फाटक बंद पाहून शहाण्यासारखी थांबली होती. पोरगी पायऱ्यांवर टाळ्या पिटत होती. सिरोंच्याची मुलगीही डोळे पुसत हसत होती.

पंच धावतच आले होते, टेबलावरचं डावाचं घड्याळ तसंच हातात घेऊन. साळा फेटा सावरत त्यांच्यासमोर उभा राहिला.

"किती सेकंद लागले, साहेब?"

"मला काय माहीत?"

"घड्याळ तर हातात होतं न," साळा म्हणाला. "मंग दाबलं काऊन नाई?"