तिसरं बटण

तीस वर्षांहून जास्त खाकी अंगावर होती. खून पाहिले, दरोडे उकलले. तरीही सर्वांत अवघड तपास कोणता, असं कुणी विचारलं की मी एका मोटारगाडीचं प्रकरण सांगतो. तो तपास अवघड होता याचं मुख्य कारण असं की गुन्हा घडलाच नव्हता.

निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. मी मूळचा बेळगावकडचा, शेवटची नेमणूक म्हैसूरच्या पश्चिम कडेच्या एका ठाण्यात. हूटगळ्ळीची वाढती वस्ती, बेळगोळच्या कारखान्यांच्या पाळ्या सुटल्यावर होणारी वाहनांची कोंडी आणि हुणसूर रस्त्यावरचे अपघात, एवढ्यात दिवस संपायचा. त्यात एका सकाळी एक तक्रारदार आले. पुण्याकडचे, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मी मराठी बोलतो हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

त्यांचा लेखी अर्ज चार पानांचा होता. पैकी अडीच पानं गाडीची. ही गाडी 'कॉम्पॅक्ट लक्झरी सेडान' आहे, हे पहिल्याच ओळीत अधोरेखित केलेलं. परदेशातली ती कंपनी पूर्वी फक्त मोठ्या गाड्या करायची. मग काही दशकांपूर्वी तिनं पहिली छोटी गाडी काढली, लोक तिला मोठ्या गाडीचं पिल्लू म्हणून हसले, आणि पुढे त्याच पिल्लानं कंपनीला कसं जगवलं, हा सगळा इतिहास त्यात होता. आतल्या दिव्यांचे चौसष्ट रंग होते. सीटला गरम होण्याची सोय होती, जिचा म्हैसुरात उपयोग काय हे मी विचारलं नाही.

"छोटी म्हणजे नेमकी किती?" मी विचारलं.

"सर, लांबी बघू नका. क्लास बघा."

बाहेर जाऊन पाहिलं. ही छोटी गाडी आमच्या ठाण्याच्या जीपपेक्षा दोन हात लांब होती आणि फाटक अडवून उभी होती.

तक्रार तिसऱ्या पानाच्या तळाशी सापडली. ड्रायव्हर सकाळी साहेबांना ऑफिसात सोडून गाडी घरी आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायला जायचा. मधल्या वेळात गाडी हलवायची नाही, असा हुकूम होता. पण साहेबांच्या मोबाइलवर गाडीचं ॲप होतं. दर गुरुवारी सव्वाअकराला गाडी घरातून निघते, येलवालपर्यंत जाते, तिथं पाऊण तास थांबते आणि परत येते. ॲपनं तारीख, वेळ, रस्ता, सगळं सांगितलं होतं. गाडी कोण चालवतं, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

"कोण म्हणजे काय सर? किल्ली ड्रायव्हरकडे असते. तो येलवालला काहीतरी पोचवतोय. गांजा असेल. एफआयआर करा."

मी अर्ज चौकशीवर ठेवला आणि पोच दिली. तेव्हापासून दिवसाला तीन फोन. दोन त्यांचे, एक वरून.

त्याच आठवड्यात खबर आली, तीही न मागता. एका अपघाताच्या जबाबासाठी सरकारी बसचा एक ड्रायव्हर ठाण्यात आला होता. सही करून झाल्यावर तो उठेना.

"सार, आम्ही जरा जोरात गेलो की तुम्ही दंड करता. हळू जाणाऱ्याला कोण करणार?"

"कोण हळू गेलं?"

"एक काळी गाडी आहे, लई किमतीची. गुरुवारी येलवालच्या रस्त्याला बैलगाडीसारखी चालते. मागं मी, माझ्या मागं दोन लॉऱ्या. हॉर्न मारून अंगठा दुखला."

मी ॲपचे तपशील काढून पाहिले. सरासरी वेग ताशी एकोणीस. अर्जाच्या दुसऱ्या पानावर तीच गाडी सहा-सात सेकंदांत शंभराचा वेग गाठते असं लिहिलं होतं. गांजा नेणारा माणूस एकोणीसनं जात नाही, हे मी अनुभवानं सांगू शकतो.

साहेबांच्या ड्रायव्हरला बोलावलं. तिशीचा, सहा फूट उंच, म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला. आजोबा साड्या रंगवायचे, वडील टेलर. त्याचं मराठी अर्धं कन्नड होतं, पण नजर सरळ होती. योगायोग असा की त्याच्याच नावाचा एक कागद आठवडाभर माझ्या टेबलावर पडून होता. राज्याच्या बसखात्यात चालक म्हणून त्याची निवड झाली होती आणि पोलीस पडताळणी आमच्याकडे आली होती. वयाच्या अटीत बसणारी ही त्याची शेवटची संधी. एक एफआयआर झाला की ती नोकरी गेली.

मी तो कागद त्याच्यासमोर सरकवला. "हे बघ. ह्यावर मी काय लिहू?"

"तुम्हाला वाटतं ते लिहा, सार. गाडी मी चालवलो नाही."

"किल्ली तुझ्याकडे. मग भुतानं चालवली?"

"मी चालवलो नाही. सुम्मने, उगाच खोटं कशाला सांगू?"

"कोणी चालवली?"

तो कागदाकडे बघत राहिला. "ते सांगायला येत नाही, सार."

दोन तास हेच. खोटं बोलणाऱ्याला एक प्रश्न विचारला की तो चार उत्तरं देतो, हा माझा अनुभव. ह्याचं उत्तर दर वेळी आखूड होत गेलं. तो कुणाला तरी झाकत होता, आणि त्यासाठी स्वतःची नोकरी पणाला लावून बसला होता. मला त्याचा राग आला. प्रामाणिक माणसं तपासात जेवढा वेळ खातात तेवढा चोर खात नाहीत.

पुढच्या गुरुवारी तक्रारदारानं सुट्टी घेतली आणि पंचनाम्याला घरी बोलावलं. हेड कॉन्स्टेबल, मी आणि तो ड्रायव्हर, तिघेही गेलो. पंचनामा करायला काही नव्हतंच. त्यांना मला गाडी दाखवायची होती. मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवण्यात आलं आणि व्याख्यान सुरू झालं. दिव्यांचा एकोणिसावा रंग चालू असताना मी दाराजवळची तीन बटणं पाहिली.

"ही कसली?"

"मेमरी सीट, सर. एक दाबलं की माझी बैठक. दोन, ड्रायव्हरची. सीट, आरसे, सगळं आपोआप जागेवर येतं."

"आणि तीन?"

"ते रिकामं आहे."

कंटाळा आला होता म्हणून मी तीन दाबून धरलं. सीट गुरगुरली आणि पुढे निघाली. पुढे, आणखी पुढे, मग वर. आरसे खाली वळले. थांबली तेव्हा माझं पोट स्टिअरिंगखाली अडकलं होतं आणि डोकं छताला टेकलं होतं.

"आयतु, झालं, सार. आता कसं काढायचं?" हेड कॉन्स्टेबल म्हणाला. तो हसत नव्हता, पण त्याला कष्ट पडत होते.

माझ्यापेक्षा वीतभर नाही, हातभर बुटक्या माणसानं ही बैठक नीट बसवून घेतली होती. मी अडकलेल्या अवस्थेत ड्रायव्हरकडे पाहिलं. तो घराच्या दाराकडे पाहत होता. दारातून तक्रारदाराच्या आई चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. सत्तरीच्या आसपास. गाडीशेजारी आल्या तेव्हा त्यांचं डोकं जेमतेम खिडकीच्या वर आलं.

त्यांनी मला पाहिलं, सीट पाहिली आणि ट्रे बॉनेटवर ठेवला.

"आई, पेंट," मुलगा म्हणाला.

"असू दे. साहेब, ह्या पोराला सोडा. ते तिसरं बटण माझं आहे."

मुलगा म्हणाला, "तू? ही गाडी?"

"तुझ्या बाबांची गाडी मी घाटात चालवायचे. तू मागं बसून ओकायचास. ही तर आपोआप जाते, हिला चालवायला काय यावं लागतं?"

"अगं, पण येलवाल कशाला?"

"रस्ता सरळ आहे. शिवाय तिथं वळवायला जागा आहे."

"आणि पाऊण तास?"

"उसाचा रस पितो दोघं. हा शेजारी बसतो, मला कन्नड शिकवतो. घरात कुणाशी बोलू? तुझ्या त्या चौसष्ट दिव्यांशी?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मीच शपथ घातली होती ह्याला. मुलाला कळलं की किल्ली कपाटात जाणार, म्हणून. नोकरीचं मला बोलला नाही तो."

"तुम्ही सांगू नको म्हणाला, अज्जी," ड्रायव्हर एवढंच म्हणाला.

मी लायसन्स मागितलं. त्यांनी कमरेच्या बटव्यातून प्लास्टिकच्या पाकिटातलं काढून दिलं. मुदत शिल्लक होती. सावकाश गाडी चालवण्याबद्दल कुणाला अटक करावी असं कलम मला तरी माहीत नाही.

ठाण्यात परतल्यावर पहिली सही पडताळणीच्या कागदावर केली. तो आता बस चालवतो, आणि सांगतात की जोरात चालवतो.

अशा प्रकरणातून माणूस काहीतरी शिकतो. कागदापेक्षा माणसाचं मौन नीट ऐकावं, मालकीपेक्षा विश्वास मोठा, असं काहीसं मी त्या संध्याकाळी डायरीत लिहायला घेतलंही होतं. तेवढ्यात ठाण्याचा लिखापढीवाला रायटर आला. अर्ज निकाली काढायचा तर गाडीचं आर.सी. जोडावं लागेल, म्हणाला. वाहनाच्या कुठल्याही तक्रारीत पहिल्या दिवशी मागायचा हा कागद. चार पानांच्या धबडग्यात मी तो मागितलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स आली.

ती आणून देणाऱ्या ड्रायव्हरनं सांगितलं, अज्जींचा साताऱ्याचा फ्लॅट विकून गाडी घेतली होती. आर.सी.वर मालक म्हणून नाव आईचं होतं.