साक्षीला दोघं

छापखान्यात सगळे त्यांना काना-मात्रा म्हणत. मी काका म्हणायचे. तीस वर्षं मुद्रितं तपासलेला हा माणूस पुडीचा कागद वाचतानाही खिशातली पेन्सिल चाचपायचा. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायचे, ते मुद्रितावर बोट ठेवून ऐकायचे. स्वल्पविरामसुद्धा तोंडानं म्हणावा लागे. गाळला की म्हणत, "खाल्लास? पचला का?"

त्या महिन्यात बाइंडिंगच्या मावशींची दोन बोटं कागद कापायच्या मशीनखाली गेली. मशीनची सुरक्षेची जाळी मालकांनीच काढायला लावली होती, काम झपाट्यानं उरकावं म्हणून. चौकशी निघाली तेव्हा मालकांनी जबाब टाइप करून आणला: जाळी मावशींनीच काढली. दोष त्यांचा ठरला तर नोकरीही जाणार, हे आम्हाला ठाऊक होतं. साक्षीला आम्ही दोघं. काकांनी आधी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका सुधारल्या आणि मग सही केली. मीही केली. पोटाचा प्रश्न आहे, अशी समजूत मी स्वतःची घातली. प्रश्न खराच होता, पण म्हणून लाज काही कमी वाटत नाही.

दोन आठवड्यांनी हिब्रू धर्मग्रंथातल्या शब्दांचा कोश तपासायला आला. मी वाचत होते, "खामास, पूर्णविराम. बळानं केलेला अत्याचार, स्वल्पविराम, रक्तपात, पूर्णविराम. प्रलयापूर्वी पृथ्वी ज्यानं भरून गेली ते, पूर्णविराम. तसेच अन्याय, पूर्णविराम. खोट्या साक्षीदारालाही खामासचा साक्षीदार म्हणतात, पूर्णविराम."

"पुन्हा वाच," काका म्हणाले.

वाचलं.

"दोन निराळे शब्द असतील. जुळणी करताना एकात एक गेले असतील."

"नाही काका. मूळ प्रतीतही एकच आहे."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे बोटं मशीननं तोडली, आणि आपण..." पेन्सिल खिशात ठेवून ते उठले. "मी जबाब बदलायला चाललोय. येतेस?"

मी पानावरची नजर न काढता म्हटलं, "एवढं पान संपवू या आधी."

"संपव तू," म्हणाले आणि एकटेच गेले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांना घरी बसवलं. चौकशीच्या साहेबांनी काकांचा नवा जबाब फायलीला लावला आणि मला बोलावून एवढंच विचारलं, "तुमची सही कायम आहे ना?"

मी हो म्हटलं. मावशींना काढून टाकायला ती एक सही पुरली.