घर रिक्षाच्या अंतरावर

आमच्या प्रशिक्षण तळाची धावपट्टी दुरुस्तीला निघाली आणि आम्हा शिकाऊ लष्करी वैमानिकांची तुकडी हिवाळ्यापुरती नागपूरला हलवली. सगळ्यांनी मला नशीबवान ठरवलं, कारण माझं घर नागपुरातच, नंदनवन भागात. सुरुवातीला मलाही तसंच वाटत होतं.

मग धुकं आलं. नागपूरच्या थंडीचं मी बाहेरच्यांपुढे नेहमी कौतुक करत आले. त्या वर्षी मात्र तिच्या नावानं रोज बोटं मोडली. पहाटे उड्डाणाचा ओव्हरऑल चढवून आम्ही क्रू रूममध्ये बसायचो. धावपट्टीचं दुसरं टोक दिसायचं नाही. अधूनमधून हवामानाचा निरोप यायचा, अजून थांबा. आभाळ कधीही उघडेल म्हणून जागचं हलायचं नाही, आणि ते काही उघडायचं नाही. गेटबाहेर जाऊन रिक्षा केली असती तर गरम जेवणाच्या वेळेला घरी पोचले असते. पण गेटबाहेर जायची परवानगी नव्हती.

माझं एकटीचं पहिलं उड्डाण राहिलं होतं. त्याआधी प्रशिक्षकांसोबत ठरावीक तास मिळतात. तेवढ्यात त्यांना भरवसा वाटला तर ते खाली उतरतात आणि तुम्हाला एकटं सोडतात. नाही वाटला, तर घरी. शिवाय मध्ये खंड पडला की त्यांच्यासोबत पुन्हा तपासणीचं उड्डाण, आणि तेही त्याच तासांतून वजा. मधेच एखादा दिवस उडायला मिळायचा, तो तपासणीतच जायचा; धुकं बसल्या जागी माझे तास खात होतं. आता शेवटच्या एका तपासणीपुरतेच उरले होते. घर इतकं जवळ, आणि भीती घरी पाठवतील हीच. जरीपटक्याच्या बाजारातल्या आमच्या दुकानात बाबांनी येईल त्या गिऱ्हाइकाला पोरगी विमान चालवते म्हणून सांगून ठेवलं होतं.

आई रोज फोन करायची.

"आज तरी उडाली का वं?"

"नाही. धुकं आहे."

"काहून? इथं तं ऊन पडून राहिलं."

माझा पारा चढायचा. जसं काही मीच सकाळी उठून धुकं पसरवत होते.

करायला काही नव्हतं म्हणून मी खुर्चीवर उडायला लागले. सगळेच शिकाऊ हे करतात. डोळे मिटून बसायचं, हात विमानात असतात तसे ठेवायचे आणि पुटपुटत उड्डाणापासून उतरण्यापर्यंत अख्खी फेरी मारायची. आधी शेवटच्या वळणावर मी हमखास गोंधळायचे. मग कधीतरी हात आपसूक पुढे जायला लागले, घाई गेली. खुर्चीत मी आता पक्की वैमानिक होते. त्याचा आनंद व्हायचा आणि संतापही यायचा, कारण खुर्चीवरच्या उड्डाणाला कोण विचारतं?

अखेर एका सकाळी धुकं विरळ झालं. माझे प्रशिक्षक साताऱ्याकडचे, कमी बोलणारे. त्यांच्यासोबत फेऱ्या मारल्या, प्रत्येक वेळी चाकं नीट टेकली. मग त्यांनी पट्टे सोडले, खाली उतरले आणि इंजिनच्या आवाजात ओरडून म्हणाले, "जा. एक फेरी मारून ये."

मी समोर पाहिलं. टोकाची झाडं मघाशी स्वच्छ दिसत होती, आता पुसट झाली होती. सरांच्या याच शब्दांसाठी मी इतके दिवस स्वतःला कोंडून घेतलं होतं.

"नाही सर. पुन्हा दाटतंय."

"तुझे तास संपलेत, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

ते परत आत बसले. आम्ही विमान जागेवर आणलं. आणि धुकं दाटलंच नाही. उलट असं लख्ख ऊन पडलं की मला तोंड लपवायला जागा उरली नाही. क्रू रूममध्ये कोणी चिडवलंसुद्धा नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. मनातल्या मनात मी सामान बांधायला घेतलं.

दुपारी सर दारात आले. "चल."

मी विमानात बसले. ते खालीच उभे.

"सर, तपासणी?"

"ती सकाळी झाली." मग म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो तर गेलो असतो. पण जायचं तुला होतं, आणि ठरवलंस तूच. आता जा."

वर गेल्यावर मात्र मी घाबरले. मागे कोणी नाही, उतरवायचंही मलाच, दुसरी सुटका नाही. हात तेवढे ओळखीचं काम करत राहिले. चाकं टेकली तेव्हा मी हेल्मेटच्या आत चक्क रडत होते.

त्या संध्याकाळी घरी जायची परवानगी मिळाली. बातमी समोरासमोर सांगायची म्हणून फोन केला नाही. आईनं दार उघडलं, मला अशी अवचित, बॅगेसकट पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"काढलं का वं तुले?"

मी काही बोलायच्या आत तिनं माझ्या हातातली बॅग घेतली.

"जाऊ दे. मले बी तुह्या उडण्याच्या भेवानं रातच्याले झोप येत नव्हती. हातपाय धू, जेवून घे."

खरं काय झालं ते सांगायला मला बराच वेळ लागला.