डबक्यापाशी

रस्ता कोणाचा, चाकांचा की पावलांचा?

काकाच्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारमधून आम्ही घाट उतरत होतो. काचेवरच्या थेंबांत झाडं विरघळत होती. डबक्याशेजारी नवं लुगडं नेसलेल्या एक मावशी छत्री आडवी धरून, अंग चोरून उभ्या होत्या. काकाने गाडी मुंगीच्या पावलांनी नेली.

"एवढी पळणारी गाडी, अन् बैलगाडीवानी हाकताय व्हय?"

"हिच्या इंजिनाला शिंतोडे सोसत नाहीत, मावशी."

"माझ्या लुगड्याला तरी कुठं सोसत्यात! लेकीच्या डोहाळजेवणाला चाललेय."

पाणी हलकेच दुभंगलं, पुन्हा मिटलं. त्यातलं आभाळ तसंच राहिलं. यंत्राला मिळणाऱ्या काळजीवर चालणाऱ्यांचाही हक्क आहे. डबकं दिसलं, की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला. कडेला कुणीतरी नवं लुगडं नेसून उभं असेल.