भोवरा थांबायचा न्हाई

मी गाव सोडलं ते दौंडच्या फलाटावरून. मांडवगण फराट्याहून चुलत्यांच्या जीपनं आम्ही चौघं आलो होतो: आई, आप्पा, धाकटी शालन आणि मी. मुंबईची गाडी उशिरा होती. बोलायचं ते सगळं बोलून झालं, तरी गाडी येईना. इंग्लंडात थंडी असते म्हणून आईनं मला स्वेटर घालूनच आणलं होतं, आणि मी बटण काढलं की ती परत लावत होती. आप्पा मात्र निवांत होते. त्यांचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. बिऱ्हाड घोड्यावर टाकून सगळं घर महिनोन्महिने कोकणाकडे असायचं. पुढे पाटाचं पाणी आलं, मेंढरं गेली, ऊस आला. मुलगी लांब जाते याचं त्यांना नवल नव्हतं. नवल होतं ते विषयाचं.

"मंगल, समुद्रात काय शिकायचं असतंय?" त्यांनी विचारलं. "पाणीच की ते."

"ते कसं हालतं ते, आप्पा."

"आन् ते कळल्यावर?"

तेवढ्यात गाडी आली.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना पहिल्या वर्षाचं वेगळं सांगायला नको. चार वाजता पडणारा अंधार, वास नसलेल्या भाज्या, आणि दिवसभर इंग्रजी बोलून दुखणारा जबडा. पण जे गावात राहिले, त्यांना मी तिथं नेमकं काय करत होते ते कधी नीट सांगितलं नाही. म्हणून आज सांगते.

आमच्या लॅबमध्ये एक समुद्र कॉम्प्युटरमध्ये होता. खऱ्या समुद्राचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाचं तापमान, खारटपणा आणि प्रवाह आकड्यांत लिहायचे, आणि पुढच्या शंभर वर्षांत काय होईल ते मोजत जायचं. पण तेव्हाचे कॉम्प्युटर लहान, म्हणून चौकोन मोठे. मुंबईपासून सोलापूरपर्यंतचा सगळा मुलूख एका चौकोनात बसावा, एवढे. शिरूर, दौंड, यवत, पाटस, सगळ्यांना मिळून तापमानाचा एकच आकडा! मला पहिल्या दिवशी हसू आलं होतं.

अडचण अशी, की समुद्रातले भोवरे या चौकोनाहून लहान असतात. भोवरा म्हटलं की आपल्याला भीमेतला भोवरा आठवतो, माणसाला ओढून नेणारा. समुद्रातले तसे नसतात. ते शंभर-दोनशे, कधी अडीचशे किलोमीटर रुंद असतात, सावकाश फिरतात, महिनोन्महिने जगतात आणि इकडची ऊब तिकडे वाहून नेतात. आमच्या चौकोनांना ते दिसतच नव्हते. पण त्यांना वगळलं तर सगळा समुद्र चुकत होता. म्हणून भोवरा न दाखवता त्याचा परिणाम तेवढा गणितात घालायचा, हे आमचं काम.

आधीच्या लोकांनी सोपा मार्ग काढला होता. शेजारशेजारच्या चौकोनांतलं पाणी आडवं ढवळायचं, बादलीत गरम आणि गार पाणी मिसळतो तसं. पण समुद्रात हलकं पाणी वर आणि जड पाणी खाली असे थर असतात, आणि ते थर तिरपे असतात. आडवं ढवळलं की थर कापले जातात आणि जी ऊब जायला नको ती भलत्याच थरात झिरपते. खरे भोवरे थरांच्या उताराउतारानं पाणी नेतात आणि तो उतार हळूहळू कमी करतात. तेव्हा नुकत्याच छापून आलेल्या एका नव्या पद्धतीत नेमकं तेच गणितात मांडलं होतं. मी ती वाचली तेव्हा खुर्चीतून उठून खोलीभर फिरले. न दिसणाऱ्या गोष्टीची चाल कुणीतरी ओळखली होती!

माझ्या वाट्याला आलं ते असं: भोवऱ्यांचा जोर सगळीकडे सारखा नसतो, तर कुठे किती धरायचा? मी सूत्र बसवलं आणि कॉम्प्युटर चालू केला. समुद्र उडाला. म्हणजे आकडे वाढत वाढत असे वेडेवाकडे झाले की कॉम्प्युटर बंदच पडला. पुन्हा केलं, पुन्हा उडाला. पृष्ठभागाजवळ वारा पाणी घुसळतो, तिथं थर जवळजवळ उभे होतात, आणि माझं सूत्र त्या उतारावर पिसाळत होतं. ते तिथं हळूहळू सैल कसं सोडायचं, म्हणजे त्याचा जोर कसा उतरवत न्यायचा, यात माझं दुसरं वर्ष गेलं. स्कॉलरशिप संपत आली होती. हाताशी सांगण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा माझ्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, "तू अजून एकही भोवरा पाहिलेला नाहीस. जहाजावर जा." केपटाऊनहून एका भोवऱ्याच्या मागावर निघणाऱ्या जहाजावर एक जागा होती. जहाज फेब्रुवारीत निघणार होतं, आणि फेब्रुवारीतच यवतला शालनचं लग्न ठरलं होतं.

मी गावच्या एसटीडी बूथवर फोन केला. आप्पांना बोलवायला माणूस गेला. ते येईपर्यंत मी मनाशी ठरवलं होतं, जहाज सोडायचं. तसं सांगितलंही.

"परत कवा मिळंल ते जहाज?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही, आप्पा. आणि तोवर तो भोवरा कुठे असेल तेही."

आप्पा म्हणाले, "मग लग्न पुढं ढकलतो. लग्न थांबंल. भोवरा थांबायचा न्हाई."

पुढचं मला शालननं सांगितलं. आप्पा एकटेच यवतला गेले. मुलाच्या वडिलांचं पंप-पाइपचं दुकान होतं. तारीख काढलेली, मंडप सांगितलेला. ते भडकले.

"थोरली बहीण बोटीवर जाती म्हणून धाकटीचं लग्न थांबवायचं? लोक काय म्हंतील आप्पा? आमी दुसरीकडं बघावं, असं तर न्हाई ना तुमच्या मनात?"

"तसं न्हाई पाव्हणं."

"मग हाय काय त्या समुद्रात येवढं?"

"मला बी म्हाईत न्हाई," आप्पा म्हणाले. "तेच बघाया चाललीय ती."

शालन घरी रडत बसली होती. सोयरीक मोडली असती तर तिला काय ऐकून घ्यावं लागलं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा दुकानाच्या आतल्या बाजूनं मुलगा आला. दत्ता. नवरा मुलगा मोठ्यांच्या बोलण्यात सहसा पडत नाही. पण त्यानं विचारलं, "भोवरा केवढा असतो आप्पा?"

"पुन्यापासून सोलापूरपत्तुर, म्हंती ती."

"मग बघू द्या की," दत्ता म्हणाला. "मेमधी करू. ऊस बी संपलेला आसंल, मान्सं बी जास्त येतील."

मी जहाजावर गेले ते या एका वाक्यामुळे.

आणि भोवरा? काहीच दिसला नाही. चहूबाजूंनी करडं पाणी आणि वारा. तीन दिवस मी उलट्या केल्या. मग तारेला बांधलेलं तापमापक यंत्र खोल सोडलं, आणि पडद्यावर रेघ उमटू लागली. आदल्या दिवशी ज्या खोलीवर पाणी गार झालं होतं, त्याच खोलीवर आज ते उबदारच होतं. आणखी खाली, तरी उबदार. थर वाडग्यासारखे खाली दबले होते. आम्ही भोवऱ्याच्या मधोमध उभे होतो. मी डेकवर धावले आणि त्याच करड्या पाण्याकडे बघत राहिले. बघण्यासारखं काही नव्हतं, आणि माझी नजर हटत नव्हती.

मेमध्ये लग्न झालं. हळदीच्या दिवशी मांडवाखाली आप्पांनी मला बसवून घेतलं.

"बघितला?"

"बघितला."

"मग आता त्यो गणितात घालनार?"

"तो नाही. त्याच्यासारख्या हजारोंचा परिणाम."

"म्हंजी अंदाज."

"तपासलेला अंदाज."

"आन् चुकला तर?"

"समुद्राची ऊब चुकते. मग वाऱ्यांचं चुकतं, पावसाचं चुकतं."

"मग नीट कर बाई," ते म्हणाले, आणि पाहुण्यांना पाणी द्यायला उठले.

परत गेल्यावर सूत्र स्थिरावलं. जहाजामुळे स्थिरावलं असं नाही, पण जे मी सैल सोडत होते ते काय आहे, हे आता मला माहीत होतं. डिग्री मिळाली, तिथंच नोकरी लागली. तीन वर्षांसाठी गेलेली मी राहूनच गेले.

नव्या शतकात कॉम्प्युटर मोठे झाले, चौकोन लहान झाले, आणि एक दिवस भोवरे पडद्यावर आपोआप उमटायला लागले. कुणी न घालता. माझ्या सूत्राची गरज तिथं उरली नाही. लांबच्या शतकांचे हिशेब करणाऱ्यांना ते अजून लागतं, पण किती दिवस, कोण जाणे. सहकारी विचारतात, वाईट वाटतं का? मला नाही वाटत. एवढी वर्षं ज्यांचा अंदाज केला ते समोर फिरताना बघायला मिळाले.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आप्पा माझ्याकडे आले. मी त्यांना लॅबमध्ये नेलं, पडद्यावर आफ्रिकेचं टोक दाखवलं. तिथून एकेक भोवरा सुटत होता आणि पश्चिमेला निघत होता. आप्पा चष्मा पुसून पुढे सरकले.

"तुजा कुठला ह्यातला?"

"तो कधीच विरला, आप्पा. हे गणितातले आहेत."

"विरला," ते हळूच म्हणाले. "चांगलं झालं तू गेलीस ते." मग ते तासभर बघत बसले. मला वाटलं कंटाळतील, पण उठायची गोष्ट मीच काढली.

त्यांच्याबद्दल सांगायची शेवटची गोष्ट त्याच मुक्कामातली, माझ्या फ्लॅटमधली. तोवर मी त्या जागेला फ्लॅटच म्हणायचे. घर म्हणजे मांडवगण. मी आंघोळीला गेले होते आणि दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई चुकून आलेलं पार्सल द्यायला आल्या होत्या. एवढ्या वर्षांत आमचं हॅलोपलीकडे गेलं नव्हतं. आतून मला आप्पांचा खणखणीत आवाज ऐकू आला, "या की, या! बसा. च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाई." मी केस पुसत बाहेर आले तर बाई सोफ्यावर बसलेल्या, आप्पा स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधताहेत, आणि दोघंही आपापल्या भाषेत जोरात बोलताहेत.

आप्पा महिन्यानं परत गेले. बाई अजून येतात, बेल न वाजवता.

तेव्हापासून माझी एक पंचाईत झाली आहे. फोनवर मी शालनला म्हणते, "ठेवते गं, घरी जायचंय," किंवा "दिवाळीला घरी येते." आणि ती दर वेळी विचारते, "कुठल्या घरी, आक्का?"